मी न पाहिलेले डबे

भुसावळ, ता. ११ मार्च १९७४

पण काका, तो नाच मी पाहिलाच नव्हता, हे मी आता चौथ्या पत्रात लिहितोय आणि तुम्ही चौथ्यांदा तेच विचारताय, की न पाहता पहिला नंबर दिलासच कसा. सांगतो. त्याआधी तीर्थस्वरूप कोंडीराम काका यांना पुतण्या नागूचा सविनय जयभीम. (हे सगळ्यात वर लिहायचं असतं हे ठाऊक आहे, पण तुम्हाला लिहायला बसलो की हात आधी माफीच मागायला लागतो.) तुमचा गुडघा कसा आहे, येसूकाकीचा खोकला उतरला का, वाल झोडून झाले का, ते कळवावं. आईला सांगा मी इकडे जाड झालोय. (झालेलो नाही, पण सांगा.) तुमचं पत्र येऊन सहा दिवस झाले. त्यातले चार दिवस मी ते फोडलंच नाही, सायकलच्या सीटखाली खोचून फिरलो. खड्ड्यातून सायकल गेली की सीट करकरायची आणि मला वाटायचं खालून तुम्हीच बोलताय. पाचव्या दिवशी माझ्या जोडीच्या झाकीरनं ते ओढून काढलं आणि फोडून माझ्या हातात दिलं.

त्या प्रश्नाशिवाय पत्रात तुम्ही दोनच गोष्टी लिहिल्यात. एक, की जयंतीच्या रात्री गावात कुठला सिनेमा लावायचा ते ठरवायला कमिटीला गेल्या सालच्या सिनेमांचे नंबर लावून हवेत, आणि दर सिनेमापुढे कुठला डबा डोळ्यांनी पाहिला आणि कुठला नाही ते लिहून सही करायची. दुसरी, की नंबर पाठव, पण तू स्वतः चौदा एप्रिलला पोशिरात पाय ठेवू नको. पहिली गोष्ट आज करतोय. दुसरी मी वाचली, घडी घातली, परत उघडून वाचली. तेच लिहिलेलं होतं. गेल्या जयंतीलाही मला रजा नव्हती, म्हणजे ही दुसरी जयंती गावाबाहेर. पण त्यावर मी आता काही बोलत नाही, माझी बोलायची हिंमत नाही.

माझं काम तुम्हाला अजून कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. दामूनं गावात सांगितलंय की मी सिनेमा चालवतो. मी सिनेमा वाहतो. आमच्या मालकाच्या इथं दोन टॉकीज आहेत, वरची आणि खालची, मध्ये मैलभर रस्ता आणि रेल्वेचं फाटक. सिनेमाची पेटी मालक एकच आणतो आणि दोन्हीकडे लावतो. वरती खेळ तीनला सुरू होतो, खालती पावणेचारला. सिनेमा सात डब्यांत असतो. वरती एक डबा संपला की तो सायकलवर घालून खालती न्यायचा, की तिकडे लगेच चढवतात. न्यायला आम्ही दोघं, मी आणि झाकीर. एक, तीन, पाच, सात त्याच्या सहीवर. दोन, चार, सहा माझ्या. आता हिशेब बघा. झाकीर पहिला घेऊन जातो तेव्हा मी वरती दुसरा पाहत थांबतो. मी दुसरा घेऊन निघालो की तिसरा चालू होतो आणि तो परत आलेला झाकीर पाहतो. म्हणजे कुठलाही सिनेमा असो, पहिला दोघांनी पाहिला, पुढे दोन-चार-सहा मी आणि तीन-पाच-सात त्यानं. दिवसाला तीन खेळ, आठवड्याला एकवीस. दोन नंबरचा डबा मी झोपेत म्हणून दाखवीन, पण काका, साडेतीन वर्षांत मी एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही. (मॅनेजरला एकदा डबे बदलून द्या म्हणालो. तो म्हणाला, सही कुणाची आहे.)

म्हणून गेल्या जयंतीला तो गुरुजींचा सिनेमा. माझ्या डब्यांत गुरुजी कंदिलाच्या उजेडात पोरांना शिकवतात, पोराच्या फीसाठी घड्याळ विकतात, तापात फळ्यावर लिहितात. अशा माणसाला पहिला नंबर नाही द्यायचा तर कुणाला. मी झाकीरला विचारलं होतं, तुझ्यात काय आहे. तो म्हणाला, तिसऱ्यात पोरगा शहरात जातो, पाचव्यात परत येतो. दोन्ही खरंच होतं. शहरात त्या पोरासमोर पिसं लावून बाई नाचते आणि पाचव्यात परत निघण्याआधी पुन्हा नाचते, त्याहून जास्त वेळ, हे तो बोलला नाही. मागाहून मी त्याला धरला तर मान खाली घालून म्हणतो, “बाईमाणसाचं तसलं नाचणं मी काय सांगत बसू रं.” त्याच्यासारखा लाजाळू माणूस माझ्या जोडीला पडला हे माझं नशीब, आणि समोरच्या खुर्चीत भंतेजी बसलेले हे तुमचं.

पुढचं मी पाहिलं नाही, दामूनं लिहिलं. भंतेजींच्या डोळ्यांपुढे ते येऊ नये म्हणून तुम्ही उठलात आणि समाजमंदिराच्या भिंतीवर बांधलेल्या पडद्यापुढे हात पसरून उभे राहिलात. अंगात जयंतीचा पांढराफेक सदरा. तर ती बाई पडद्यावरून उतरून तुमच्या सदऱ्यावर नाचायला लागली, आणि तुम्ही डावीकडे सरकलात की तिचे पाय तुमच्या पोटावर, उजवीकडे सरकलात की पिसं खांद्यावर. मशीनवाल्याला वाटलं काका मजेनं उभे आहेत, त्यानं मशीन थांबवलं नाही. दामू लिहितो, “आपल्या वळीत पोरं अजून तुमच्या काकांना वाट देतात आन् मागून हासतात.” हे वाचल्यापासून काका, मी पांढरा सदरा घातलेला माणूस पाहिला की सायकलवरून उतरतो.

असो. कमिटीला नंबर हवेत. नावं मुद्दाम लिहीत नाही, गुरुजींच्या सिनेमाचं नाव इतकं चांगलं होतं की नावानंच घात केला. इथं लोक ज्या नावानं ओळखतात तेच लिहितो.

पाचवा नंबर विहिरीचा सिनेमा. दुसऱ्या डब्यात पडक्या विहिरीवर म्हातारी दिसते, चौथ्यात कंदील आपोआप चालतो, सहाव्यात विहिरीतून नाव घेऊन हाक येते. आणि दर वेळी तेवढं पाहून मला डबा उचलून एकट्याला फाटकाजवळच्या चिंचेखालून जायचं. छप्पन साली तुम्ही देव्हारा उचललात, तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तुम्ही मला खांद्यावर घेऊन सांगितलं होतं, की आजपासून भूत नाही, भानामती नाही. ते मला पाठ आहे. पण तीन आठवडे मी त्या चिंचेखाली घंटी वाजवत गेलो. चौथ्या आठवड्यात झाकीर म्हणाला, “अरे, तो मुनीम होता ना. दोरीनं कंदील वढतो. सातव्यात धरतात त्याला.” मला तीन आठवडे कुणी सांगितलंच नाही. म्हणजे सिनेमा तुमच्या मताचाच आहे काका, शेवटी भूत नसतंच. पण मशीनवाल्याचं मशीन मध्येच बंद पडतं हे तुम्ही दोन साल पाहताय. ते सहाव्या डब्यावर बंद पडलं तर पोशिरात अठरा वर्षांनी परत भूत येईल आणि आणणारा मी. म्हणून पाचवा. (मुनिमाला मी अजून भितो.)

चौथा दोन भावांचा. थोरला भाऊ जमिनीचे कागद घेऊन पळतो. तो मिशीपासून चालीपर्यंत हुबेहूब आपल्या कमिटीच्या खजिनदार रामभाऊंसारखा आहे. झाकीर म्हणतो शेवटी तो पाया पडतो. पण तोवर दोन तास लोक रामभाऊंकडेच बघणार, आणि मग ते मला बघणार. तिसरा नंबर टकल्याच्या सिनेमाला, आणि तो मी नुसत्या आवाजावर दिला आहे. त्यातलं हसणं सगळं तिसऱ्या डब्यात आहे. मी दुसरा घेऊन बाहेर पडलो की मागून टॉकीज पत्र्यासकट हसते. झाकीरला म्हटलं सांग, तर तो “टकल्या शिडीवर चढतो आन्” एवढं म्हणून पोट धरून खाली बसतो. आठ महिने तो शिडीवर चढतोय. पण शिडीवर पुढे काय होतं ते ठाऊक नसताना भंतेजींपुढे लावायला मला धीर होत नाही. दुसरा नंबर आईच्या सिनेमाला देणार होतो. मग आठवलं, आई चौथ्यात वारते, आणि माझी आई पुढच्या रांगेत बसणार. तो ठेवा दुसरा, पण लावू नका.

राहिला पहिला, पुलाचा सिनेमा. मजूर मिळून नदीवर पूल बांधतात आणि ठेकेदार वाळूत चोरी करतो. माझे चारही डबे स्वच्छ. पण गेल्या सालीही माझे डबे स्वच्छच होते. तेव्हा ठरवलं, ह्या खेपेला तिकीट काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत बसायचं. झाकीरला म्हटलं, एका खेळापुरते माझे डबे तू ने. तो म्हणाला, “जा रं, बस. आपुन उडत जाऊ.” काल साठ पैशांचं तिकीट काढून मी वरच्या टॉकीजमध्ये बाकावर बसलो.

काका, सिनेमाला बसलेला माणूस इतका घाबरलेला तुम्ही पाहिला नसेल. तिसरा डबा लागला आणि मी बाकाची कड धरली. लगेच लग्न निघालं, बाया फेर धरायला लागल्या. मी एकेकीचा पदर मोजला, सगळे जागेवर होते. पाचव्यात ठेकेदाराचं घर आलं, टेबलावर बाटली, मागं पडदा हलतोय. मी डोळे मिटले, परत उघडले, सही करायची होती ना. पडद्यामागून मांजर आलं. शेजारच्यानं मला विचारलं, “बरं वाटत न्हाई का, दादा?”

तिकडे झाकीर उडत नव्हता. फाटकाशी त्याच्या सायकलची ट्यूब फुटली होती आणि तो चौथा डबा डोक्यावर घेऊन धावत होता. खालच्या टॉकीजमध्ये तिसरा डबा संपून पडदा पांढरा पडला, पब्लिकनं बाकं वाजवायला सुरुवात केली, आणि मॅनेजर टांगा करून वरती मला शोधायला आला. सहावा डबा चालू होता. पुलाखाली मजूर अडकलेत, पाणी चढतंय, आणि मला दिसतंय की दाराकडून एक बॅटरी दर माणसाच्या तोंडावर थांबत रांगेनं पुढे येतेय. मी मजुरांसाठी भ्यायचं सोडून बॅटरीला भ्यायला लागलो. ती आली, माझ्या तोंडावर थांबली.

“इथं काय करतोस?”

“सिनेमा बघतोय, साहेब.” खिशातून तिकीटही काढून दाखवलं.

“तुला सिनेमा न्यायचा पगार आहे,” तो म्हणाला, “बघायचा नाही.”

पाचवा डबा काखेत देऊन त्यानं मला तिथूनच सायकलवर बसवलं. जाताना मागून सातव्याचा बाजा ऐकू आला. मॅनेजर मला थोडंफार बोलला, विशेष काही नाही.

तेव्हा कमिटीला कळवावं की पुलाचा सिनेमा, पहिला नंबर, एक ते सहा डबे मी डोळ्यांनी पाहिले, खाली सही केली आहे. सातवा पाहिलेला नाही. थोरांना जयभीम, दामूला म्हणावं पत्र लिही, आणि आईला हे पत्र वाचून दाखवताना मॅनेजरचा भाग गाळावा.

तुमचा आज्ञाधारक,
नागू

ता. क. सातव्याबद्दल झाकीर शेजारी बसून सांगतोय ते लिहितो. पूल होतो. गाणं एक आहे, पण सगळे बसून म्हणतात. बाई एक आहे, ती पाटी वाहते. मी त्याला म्हटलं, शरम सोड आणि खरं सांग. त्यानं आपल्या अम्मीची शपथ घेतली आणि खाली उर्दूत सही केली आहे. रामभाऊंना वाचता येणार नाही, पण ती सहीच आहे.

आणखी ता. क. तरीही माझा जीव त्या सातव्यात अडकलाय. तेव्हा माझी एक विनंती आहे. मला मशीनच्या बाजूला उभं राहू द्या. लोकांत बसणार नाही, कुणाशी बोलणार नाही, भंतेजींच्या समोर येणार नाही. काही वेडंवाकडं आलंच तर मी भिंगावर हात ठेवीन. तुम्हाला उठायला लागणार नाही.

शेवटचं ता. क. मॅनेजरचं मी वर खोटं लिहिलं. एक एप्रिलपासून त्यानं मला महिनाभर कामावर यायला बंदी केली आहे. मी पोस्टरांच्या खोलीत झोपतो, तीही एक तारखेला सोडायची आहे. झाकीर त्याच्याकडे चल म्हणतो, पण एका खोलीत ते आधीच सात आहेत. आईला लिहिलं तर ती तुमच्या दारात येऊन रडेल आणि तुम्ही तिच्यासाठी हो म्हणाल. तसं नको, म्हणून तुम्हालाच लिहितो. उद्या सकाळी मनिऑर्डर करतोय. ते नेरळपर्यंतचं माझं गाडीभाडं आहे. माझ्याजवळ ठेवलं तर तुम्ही नको म्हटलं तरी मी गाडीत बसेन, ह्याची मला भीती वाटते. ये म्हणायचं असेल तर तेच पैसे परत पाठवा. नको म्हणायचं असेल तर जयंतीच्या वर्गणीत घाला आणि पावती आईच्या नावानं फाडा, पुतळाबाई म्हणून. रुपये सोळा.