भरदुपारची सभा

२ एप्रिल १९९८
आज जांभूळ गावी आले. संस्थेने हवामानाच्या नोंदींसाठी नेमलंय. महिपतीआण्णांच्या घरामागची पत्र्याची खोली मिळाली, खिडकीसमोरच कैऱ्यांनी लगडलेला आंबा! अंगणात तापमापकाची पांढरी जाळीदार पेटी बसवली, तर शेजारच्या विठाकाकू विचारतात, कोंबड्या कधी आणणार? मग दोघी पोट धरून हसलो.

१९ एप्रिल
आधीचे निरीक्षक चिंतामणी यांच्या तीस वर्षांच्या वह्या तपासल्या. एप्रिल एका अंशाहून जास्त तापलाय. शाळेत सांगितलं: धुरातला कार्बन वाढतो तशी पृथ्वी तापते. विठाकाकू म्हणाल्या, "बाय, वहीशिवाय कललंय आमाला. इहीर आता होलीलाच आटते."

४ मे
भीमराव आले. अंबरनाथला यांचा रंगाचा कारखाना, यंदा निवडणुकीलाही उभे. म्हणाले, पृथ्वी तापतेय हे कारखाने बंद पाडायला परदेशी लोकांनी काढलेलं खूळ आहे. मुंबईच्या कुणा डॉक्टरांकडून त्यांनी तसं छापूनही आणलंय. आण्णांचा मुलगा त्यांच्याकडेच कामाला. वह्या पुढे केल्या तर आण्णांनी मान फिरवली. निदान एक पान तरी वाचा ना!

११ मे
पारा ४३.८ अंशांवर. उद्या भरदुपारी भीमरावांची सभा, मंडपाशिवाय. ऊन वाढलं नाही हे दाखवायला. दारोदार विनवलं, लोक हसले. ज्या घरातलं कुणी कारखान्यात, त्या घराने यायचंच. नातवाच्या नोकरीसाठी विठाकाकूही जाणार.

१२ मे
दोन तास. डोक्यावर पदर घ्यायचीही चोरी. विठाकाकू कोसळल्या. अंग तव्यासारखं, घाम नाही. मी पाणी, पाणी ओरडतेय — कुणी हललं नाही. भीमराव बोलतच होते. टाळ्या पडतच होत्या.

१३ मे
काकू गेल्या. वय झालं होतं, म्हणतात. आण्णा, नातू, सगळे — त्याच शब्दांत. आण्णांच्या पत्नी बनूबाई रडत होत्या, तरी म्हणाल्या, "ऊन नव्हताच, ताई. गार वारा होता."
त्यांचं नाक, गाल सोलून निघालेत.

१४ मे, दुपार
सकाळी मी काकूंच्या मृत्यूचं कारण संस्थेला लिहिलं. पत्र पोस्टातूनच परत आलं — भीमरावांच्या माणसाच्या हातात.
दार बाहेरून लावलंय. पत्रा तापलाय. माठ रिकामा —
खिडकीतून आण्णांनी कागद दिला. चूक झाली असं लिहा, मग पाणी.
बाहेर सगळं गाव उभं आहे. उन्हात. आंब्याखाली कुणीच जात नाही —
जीभ चिकटतेय. लिहिते म्हटलं. आधी इथे वहीत जुळवून बघते.
जांभूळला ऊन वाढलेलं नाही. माझे आकडे चुकले. विठाकाकू वयामुळे —
नाही. त्या उन्हाने —
दाराची कडी निघाली, कागद न्यायला आलेत. आण्णा, थांबा, मी अजून —