कपाटात न ठेवायचा दगड

होकिटिका, न्यूझीलंड

आई,

आधी तुझ्या पाया पडते, कारण पुढे भांडायचं आहे.

आम्ही दोघं मजेत आहोत. थंडी आहे, पण स्वेटर पुरतो. कांदा चाळीत भरला का? तुझा गुडघा काय म्हणतो?

परवा व्हिडिओ कॉलवर तुझ्या गळ्यात हिरवं पदक दिसलं. "योगिनीनं मालेगावच्या प्रदर्शनातून आणलं, खरा जेड आहे," म्हणालीस. दादाच्या लग्नापासून मी वहिनीचंच कौतुक ऐकते आहे. तशीच उठून इथल्या जेडच्या दुकानात गेले.

आपल्याला सवय हिरव्या चुड्याची! सगळ्यांत हिरवंगार, एकसारख्या रंगाचं पदक मी उचललं. ते नेमकं गिऱ्हाइकांना नकली कसं असतं हे दाखवायला ठेवलेलं निघालं. दुकानदारीणबाईंनी मग शिकवलं: खरा नेफ्राइट, म्हणजे इथला जेड, हाताला गार आणि जड लागतो, उजेडात धरला की आत धागे, ढग दिसतात. बुडबुडे दिसले तर काच.

तसा पारखून एक पाठवते आहे. वहिनीचं पदक जरा मोबाइलच्या टॉर्चवर धरून बघ ना.

नाहीतर राहू दे. काच निघाली तरी तू ती काढणार नाहीस. आणि माझं सगळं 'चांगलं आहे' म्हणून कपाटात ठेवशील. शाल अजून पिशवीतच आहे ना?

हा दगड चिवट आहे, भांड्यांवर आपटला तरी सहज फुटत नाही. रोज घाल. घालतेस की नाही ते मी वहिनीलाच विचारीन. ती मेली कधी खोटं बोलत नाही, तोच तर राग आहे.

दादाला नमस्कार. तिलाही, थोडा कमी.

तुझीच,
हर्षाली