लालसर कमान

धाकटे,

चार वर्षांपूर्वी तू तो फोटो माझ्या टेबलावर ठेवलास. जवळच्या दीर्घिकांच्या गुरुत्वाकर्षणाने मागचा प्रकाश भिंगातून यावा तसा वाकला होता, आणि विश्वाच्या बालपणातली एक दीर्घिका लालसर कमानीसारखी दिसत होती. "ताई, खरी आहे ना गं?" तू विचारलंस.

मी म्हणाले, "कॅमेऱ्यातला दोष आहे. सोड."

मला पाहताक्षणीच कळलं होतं. पण आपल्या घरात हुशार मी होते, आणि ते तसंच राहायला हवं होतं.

खचून जाऊन तू संशोधन सोडलंस आणि शाळेत शिकवू लागलीस. वर्षभराने तीच कमान मी माझ्या नावावर छापली. अभिनंदनाचा पहिला फोन तुझाच होता. "मी दोष समजून सोडून दिली बघ! तुझ्या नजरेची सर मला नाही, ताई." मी हसले.

आता तुला परत यायचंय, म्हणून तू माझ्याकडे शिफारसपत्र मागितलंस. ते मी लिहिलंय. त्यात तुझ्या गोड स्वभावाचं भरभरून कौतुक आहे. बुद्धीबद्दल अवाक्षरही नाही. वाचणाऱ्यांना कळेल काय ते.

आज टपालात तेच टाकतेय. हे पत्र फाडते.

तुझीच,
ताई