शाल, नारळ आणि पेनल्टी

रविवार, संध्याकाळ

चिडचिड जात नाही. भाची रेश्मा मंगळवेढ्याच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. "मामा, सोलापुरात आमच्या बाजूनं वरडायला कुनीच न्हाय. तुमी या की," म्हणाली, म्हणून गेलो. मैदानावर यजमान संघाच्या सेक्रेटरीने ओळखलं. "अहो, हे तर आपले वक्ते!" लगेच व्यासपीठ, शाल, हातात नारळ.

रेश्माने पहिला चेंडू अडवला तेव्हा "शाब्बास!" ओरडलो, तर सेक्रेटरी कानाशी: "सर, पाहुण्यांनी एका बाजूनं ओरडणं बरं दिसत नाही." आणि मी ऐकलं! का? सभा उधळायला आलेल्यांपुढे कधी आवाज खाली केला नाही. इथे मात्र मांडीवर नारळ घेऊन नवरदेवासारखा बसलो.

शेवटी यजमानांना पेनल्टी मिळाली. सगळं मैदान रेश्माची हुर्यो उडवत होतं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नारळ घट्ट धरला. गोल झाला. हरलो.

परतीच्या एसटीत ती शेजारी बसली. मग नारळाकडे बघून म्हणाली, "भल्याभल्यांना जमलं न्हाय, मामा. ह्यांनी तुमाला एका नारळात गप केलं की."