बारा वळकट्या

बँकॉक,
ता. ११-२-२००६, शनवार

लडकूदादास गिरजाचा रामराम. वयनीला, पोरांना सांग, मी खुशाल हाय.

आणि नाय, इमानात मी रडले नाय. कोणी सांगितलं असंल तर खोटं हाय. कानात दडे बसले म्हणून डोळ्यांना पाणी आलं. उलटीपण झाली नाय. नेलेल्या भाकऱ्या खाल्ल्या, शेजारच्या बाईला अर्धी दिली.

फोन केला नाय कारण फोनवर तू मधीच बोलतोस. कागदावर तुला मधी बोलता येत नाय. उद्या इथला एक माणूस मुंबईला जातो, त्याच्या हातात हे देते. मी यायच्या आधी तुला मिळायला पायजे. तू मला ज्या कामाला पाठवलंस, माझ्या सरिताला हाताला धरून आणायची आणि धसईला तिच्या सासरी पोचवायची, त्याचं मागून सांगते. आधी इथलं ऐक.

पोरगी म्हणाली होती, मी होस्टेल बघते. मला वाटलं आश्रमशाळेसारखं असंल, पोरं ताट घेऊन रांगेत बसतात तसलं. तसलं नाय. पाच मजले हायेत. गल्ली एवढी चिंचोळी की बैलगाडी वळायची नाय, आणि त्या गल्लीत सगळं जग येऊन झोपतं. चपला दारात काढायच्या, ते मला आवडलं. गोरे लोकपण काढतात. साठ-सत्तर जोड, एकेक बूट आपल्या खुराड्याएवढा. दिवसभर दाराला कडी नाय. पाठीवर पोतं घेऊन कुठल्या कुठल्या मुलखातली माणसं येतात. पयलं थंड पाणी देतात, नाव मग विचारतात.

एका खोलीत बारा बायका. लोखंडी कॉट, एकावर एक, माळ्यासारखी. मी खाली. माझ्या वरती हॉलंडची म्हातारी, अडुसष्टची, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. एकटी फिरते रे! सरिताला विचारायला लावलं. नवरा? मेला. पोरं? चार. मग एकटी का? तर म्हणते, पोरांना टाइम नाय. आणि हसली, सगळे दात दिसेपर्यंत. मी त्या वरच्या कॉटकडं बघत पडून राहिले. आपल्यातली बाई एकटी बांधापर्यंत गेली तरी चार जण विचारतात, कुठं चाललीस.

आणि आपली सरिता. कमरेला चाव्या, कानाला फोन. एकाशी इंग्रजी, दुसऱ्याशी हिंदी, कामाच्या बायांशी इथली भाषा, ती ऐकायला गाणं म्हटल्यासारखी लागते. एवढी माणसं, पण आवाज चढत नाय. किन्हवलीच्या शाळेत गुरुजींनी नाव विचारलं तर अंगठ्यानं माती उकरत उभी राहायची, ती ही. मला दोन दिवस खरंच वाटेना.

आता माझी चूक. लपवून काय करू.

परवा सकाळी ऊन वर आलं तरी अंथरुणं तशीच पसरलेली. बायका खाली न्याहारीला. मला ते बघवेना. दिवस उगवल्यावर अंथरूण पसरलेलं ठेवायची मला सवय नाय, तुला माहीत हाय. सगळ्यांच्या चादरी, पांघरुणं, उशा घेतल्या, एकेकीची वेगळी वळकटी केली. माझी धरून बारा. वर गाठ मारली, भाताच्या भाऱ्याला मारतो ती. दाराशी नीट रचल्या आणि आंघोळीला गेले.

तेवढ्यात धोबी आला. त्याला वाटलं धुवायच्या. घेऊन गेला.

म्हातारी वर आली ती किंचाळलीच. तिचा पासपोर्ट उशीच्या अभ्र्यात! आणि दुपारचं इमान! दुसरीचा फोन, तिसरीचा कसला कागद. सगळ्या सरिताभोवती, सगळ्या एकदम बोलतायत. मी भिंतीला टेकून उभी, ओले केस. वाटलं, आता पोरगी माझ्याकडं बोट दाखवणार. दाखवायला पायजेच होतं.

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. कळलं तिला. मग आपल्या छातीवर हात ठेवलान, मान खाली घातलीन आणि त्या बायकांना काय तरी बोलली. काउंटरवर एक नेपाळी पोरगी हाय, तिला हिंदी येतं. तिला विचारलं, काय बोलली गो? ती म्हणते, "दीदी बोलती है, गलती मेरी है."

मग मला म्हणाली, "आये, चप्पल घाल, चल."

धोब्याच्या दुकानात पांढऱ्या चादरींचा ढीग, आपल्या खळ्यावर भाताचे भारे रचून उडवी करतो तेवढा. चार होस्टेलांचं धुणं एकत्र. धोबी दोन्ही हात वर करून उभा. मी म्हटलं, बाजूला हो. भावकीतल्या काशीच्या लग्नात तीस घरच्या गोधड्या आणल्या होत्या, कोणाची कोणती ते मीच सांगितलं होतं, इथं काय. गाठ बघत बघत बाराच्या बारा काढल्या. म्हातारीच्या वळकटीला मी दोन गाठी मारल्या होत्या, वयानं मोठी म्हणून. ती सोडली. पासपोर्ट निघाला. धोब्यानं मला हात जोडले.

सरिता हसत सुटली. म्हणाली, "आये, तू राहा इथंच कामाला."

मी म्हटलं, "राहीन, पण उद्या तुझी गिऱ्हाइकंपण बांधून ठेवीन."

म्हातारी वेळेवर गेली. जाताना माझ्या गालाचा मुका घेतलान. चारचौघांत! काय करायचं ते सुचेना, मी तिची पाठ थापटली.

मागून मी सरिताला विचारलं, तू माझं नाव का नाय घेतलंस गो? म्हणाली, "तू माझ्या घरी आलीस ना."

एवढंच बोलली आणि चादरी घालायला वर गेली. मी जिन्यात बसून राहिले.

दादा, आठ वर्षांमागं ती धसईवरून माझ्याकडं आली होती. तुला मी सांगितलं, सणाला आली. सण नव्हता. दुपारची आली, पिशवीत एक साडी. पदर दंडावर ओढून बसली. उठताना पदर सरकला, दंडावर काळेनिळे वळ. मी बघितलं, आणि बघितलं नाय असं केलं. चहा दिला. म्हटलं, तुझंच काय तरी चुकलं असंल. आणि चारच्या मुरबाड एस्टीत मी, मी स्वतः, तिला बसवली. पुढच्या महिन्यात ती धसई सोडून वाशिंदला कंपनीत लागली, तिथून मुंबईच्या गेस्ट हाउसात, आणि त्याच मालकानं तिला इकडं धाडली. आपण गावात सांगत बसलो, पोरगी आमचं ऐकत नाय. ऐकलं होतं रे तिनं. ऐकूनच बसली होती एस्टीत.

आता तुझं काम. धसईवाले घ्यायला तयार हायेत, असं तू म्हणालास. जावयाची, आदेशची आई अंथरुणाला खिळली तेव्हा त्यांना सून आठवली, हे तुलापण ठाऊक हाय आणि मलापण. आठ दिवस झाले, मी तिच्याकडं हा विषय काढला नाय. रोज उठून ठरवते, आज बोलते. मग ती चाव्या वाजवत जिना उतरते आणि मी तिच्या मागं चादरी उचलायला जाते.

काल तिनंच विचारलं, "आये, खरं सांग, तू कशाला आलीस?"

"तुला बघायला."

"मग बघितलंस?"

"बघितलं," मी म्हटलं.

गुरवारी मी एकटी येते. आसनगावला कोणाला पाठवू नको, माझ्याकडं पिशवी एकच हाय. धसईला निरोप तू धाड, पोरगी येणार नाय म्हणून. तुला जड जात असंल तर मी जाईन, त्यांच्या अंगणात उभी राहून सांगेन. तू विचारशील, वयनी विचारील, भावकी विचारील. विचारा. याच्यापुढं मी एक अक्षर बोलणार नाय.

सरिताची आई,
गिरजा