गोडं पाणी

नारायणगुडा, हैदराबाद
जानेवारी १९४९

चि. दत्तोबास,
आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही.

आपला मळा विकत घेणारे शेटजी काल तुझा निरोप घेऊन आले होते. सौदा ठरला की घेणाऱ्याला विहिरीचं पाणी पाजायचं, ही रीत तू पाळलीस म्हणे. फिरकीच्या तांब्यातून त्यांनी मलाही आणलं, 'माहेरचं पाणी' म्हणून.

मी घोट घेतला, तर गोड लागलं. दत्तोबा, आपल्या विहिरीचं पाणी पहिल्यापासून मचूळ. डाळ शिजत नाही म्हणून आई करवादायची. मग तू नदीवरून का भरलंस? आपल्याच विहिरीत घागर सोडायला भ्यालास?

पोलीस ॲक्शननंतर आपली मोट हाकणारा शेखलाल कराचीला पळाला, असं तूच सांगितलंस. त्याची हुसेनबी माझ्या दारात येऊन विचारते, "बाई, उनका खत आया क्या?" मी नाही म्हणते आणि तिला चहा देते.

पाडवा झाला की शेटजी विहिरीचा गाळ काढणार आहेत. मी म्हटलं, जरूर काढा. हुसेनबीला घेऊन मी काठावर उभी असेन.

हे पत्र ट्रंकेतच राहील. तुला कळलं, तर गाळ निघायच्या आधीच तू विहीर बुजवशील.

तुझी थोरली बहीण,
अनसूया