वरच्या खोलीची नोटीस

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी सहाच अंगं जमिनीला टेकली. उरलेली दोन तू आलीस की समोरासमोर टेकवीन.) इकडे सगळे खुशाल आहेत. तुझी तब्येत विचारायची रीत आहे म्हणून विचारतो. बाकी जी बाई एकाहत्तराव्या वर्षी दोरीवरच्या उड्या मारते, आणि खालच्या मजल्यावरून तक्रार आली म्हणून गच्चीवर जाऊन मारते, तिची तब्येत मी काय विचारणार? तू चाळीस वर्षं शाळेत पोरांना कोलांट्या शिकवल्यास, मी सदतीस वर्षं बसडेपोत खुर्चीवर बसून वेळापत्रकं आखली. गुडघे कोणाचे शाबूत राहिले ते दिसतंच आहे.

तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. वरची खोली रिकामी होणार होती तिचं काय झालं, आठ महिने होऊन गेले, असं तू विचारलंस ते रास्तच आहे. पण शेवटची ओळ मला काही आवडली नाही. ‘भाडं देऊनच राहीन, आणि जड झाले तर महिनाभर आधी सांग, ट्रंक उचलून निघून जाईन.’ ही ओळ मी तीनदा वाचली, मग हिला वाचून दाखवली. वाटलं, ही माझी बाजू घेईल. (छत्तीस वर्षं संसार करूनही माणसाला असं वाटतं.) तर ही म्हणाली, वन्सं बरोबरच बोलतात, आठ महिन्यांत ज्याला आपल्याच घरातली एक खोली रिकामी करता येत नाही, त्याच्या भरवशावर शहाणं माणूस आपलं बिऱ्हाड मोडेल का? तेव्हा झालं तसं सांगतो. दोष माझा आहे, पण तो मी शेवटाकडे कबूल करणार आहे, आधी थोडी दुसऱ्यांना नावं ठेवू दे.

सुरुवात नव्या नियमापासून. पूर्वी भाडेकरूला महिनाभर आधी सांगितलं की भागायचं. गेल्या वर्षी नियम आला की मालकानं सहा महिने आधी लेखी सांगायचं, भाडेकरूनं मात्र निघताना एकाच महिन्याची नोटीस द्यायची. आमच्या गल्लीत बहुतेकांची एखादी खोली भाड्यानं असायची. निवृत्त पोस्टमास्तरांच्या पुढच्या खोलीत मालकांची सभा भरली. पोस्टमास्तर म्हणाले, माझा मुलगा बदली होऊन अचानक आला तर त्याला काय सहा महिने व्हरांड्यात झोपवू? समोरची शिंपीण म्हणाली, भाडेकरू वाईट निघाला तर सहा महिने रोज त्याचं तोंड बघायचं का? प्रश्न काही खोटे नव्हते. एवढ्यावर सभा संपली असती तर आज तू वरच्या खोलीत असतीस. पण मला बोलायचा मोह झाला. तुला माहीतच आहे, डेपोत माझा आवाज लाउडस्पीकरशिवाय शेवटच्या फलाटापर्यंत जायचा. मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘सगळ्यात उत्तम भाडेकरू म्हणजे कुलूप! ते नळ चालू ठेवत नाही, भिंतीत खिळे ठोकत नाही, आणि त्याला नोटीस द्यावी लागत नाही!’ टाळ्यांचा कडकडाट झाला. पाववाल्यानं तर मला मिठी मारली. पोस्टमास्तरांनी शब्द न् शब्द इतिवृत्तात उतरवून घेतला, आणि मी घरी येऊन दोन घास जास्त जेवलो.

नियम लागू व्हायला दोन महिने होते, तेवढ्यात जुन्या महिन्याच्या नोटिशीवर गल्लीतल्या अकरा खोल्यांपैकी दहा रिकाम्या होऊन त्यांना कुलपं लागली. पाववाल्यानं मैद्याची पोती भरली. पोस्टमास्तरांनी व्यायामाची सायकल ठेवली (तिच्यावर बसलेलं मी त्यांना अजून पाहिलेलं नाही). शिंपिणीनं चोराचिलटाला खोली भरलेली वाटावी म्हणून खिडकीत कपडे बेतायचा बाईचा पुतळा उभा केला, डोक्यावर टोपी घालून. मी जाता-येता त्या बाईंना दोन महिने रोज नमस्कार केला, आणि त्या ओळख देत नाहीत म्हणून मनात थोडा रागही धरला. माझी खोली तेवढी उघडी राहिली, कारण तिच्यात दातवाला होता आणि त्याचं भाडं मला सोडवेना.

दातवाला म्हणजे माझा भाडेकरू. दवाखान्यातले डॉक्टर माणसाच्या जबड्याचा साचा घेतात, तो याच्याकडे येतो, आणि हा त्यावरून कवळ्या घडवतो. वरच्या खोलीच्या खिडकीत नेहमी पाचसहा जबडे वाळत असतात. येणारे-जाणारे वर बघतात आणि जबडे खाली बघतात. माणूस तिशीतला, एकटा, इतका अबोल की चार वर्षांत आमचं बोलणं ‘काका, पाणी गेलंय’ आणि ‘येईल’ यापलीकडे गेलं नव्हतं. तुझं येण्याचं ठरलं तेव्हा मला वाटलं, याला नोटीस देणं म्हणजे हातचा मळ.

नोटीस मी स्वतः लिहिली. ‘सूचना. सर्व संबंधितांस कळविण्यात येते की वरची खोली अमुक तारखेस सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी रिकामी करण्यात यावी. हुकमावरून.’ आणि सदतीस वर्षांच्या सवयीनं ती जिन्याच्या भिंतीवर चिकटवली. आमच्याकडे सूचना चिकटवली की ती लागू झाली, वाचायची जबाबदारी प्रवाशाची. महिन्यानं मी दातवाल्याला विचारलं, तयारी कुठवर आली? तर तो म्हणाला, कसली? मी वाचली, पण मला वाटलं कुठल्या तरी बससाठी आहे. पोस्टमास्तरांनी नियम काढून दाखवला, नोटीस हातात द्यावी लागते, पोच म्हणून सही घ्यावी लागते. एक महिना पाण्यात. दुसरी नोटीस मी हातात दिली, सही घेतली, एक तारखेला दुपारी. तर सहा महिने मोजायचे ते नोटिशीनंतर येणाऱ्या पहिल्या तारखेपासून! आदल्या संध्याकाळी दिली असती तर महिना वाचला असता. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची बस चुकण्यावर तोंडसुख घेतलं, त्याची बस अशी अर्ध्या दिवसानं चुकली.

आता ताई, सहा महिने ही चीज काय असते ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. माणूस जाणार हे पक्कं ठरलं की त्याच्याशी वाकडं वागायचं काही कारणच उरत नाही. पहिल्या महिन्यात मी त्याच्याशी मुद्दाम गोड बोलायला लागलो, म्हणजे त्यानं खोली बिनतक्रार सोडावी. तोही गोड वागायला लागला, म्हणजे मी निघताना खिळ्यांची भोकं मोजू नयेत. दुसऱ्या महिन्यात त्यानं जिन्याचा डगमगता कठडा बसवून दिला. (हा कठडा मी अकरा वर्षं ‘येत्या रविवारी’ बसवत होतो.) तिसऱ्या महिन्यात आमचं संध्याकाळचं बुद्धिबळ सुरू झालं, आणि एवढ्या अबोल माणसाला डाव जिंकल्यावर किती बोलता येतं ते कळलं. चौथ्या महिन्यात त्याला ताप आला, तर ही आठ दिवस सूप घेऊन सतरा पायऱ्या वर-खाली करत होती. पाचव्यात मी कॅलेंडरावर तारखा खोडायचं बंद केलं. ही एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, एका महिन्याची नोटीस असती तेच बरं होतं, जीव लावायला वेळच मिळाला नसता.  मला एकीकडे तू हवी होतीस, आणि दुसरीकडे त्याला कुठं घालवायचं ते सुचत नव्हतं.

कारण त्याला खोलीच मिळत नव्हती. रोज संध्याकाळी तो यादी घेऊन निघायचा आणि तसाच परत यायचा. भाड्यानं देण्याची पाटी औषधालासुद्धा दिसेना. आमच्या गल्लीचं बघून शेजारच्या दोन गल्ल्यांनीही कुलपं घातली होती. एकदा मी त्याच्याबरोबर गेलो. तीन गल्ल्या पलीकडे एक अनोळखी गृहस्थ दार अर्धवट उघडून म्हणाले, खोली आहे, पण देणार नाही, कोणीसं फार छान सांगितलंय, सगळ्यात उत्तम भाडेकरू म्हणजे कुलूप. दातवाला परत येताना म्हणाला, काका, असं बोलणारा माणूस एकदा भेटला पाहिजे. मी म्हणालो, जाऊ दे, असतात अशी माणसं.

हा तो कबुलीचा भाग. झाला.

शेवटी पंधरा दिवस उरले तेव्हा मीच पुन्हा सभा बोलावली आणि सांगितलं, मी चुकलो, खोल्या उघडा. पोस्टमास्तरांनी इतिवृत्त काढलं आणि माझं भाषण मोठ्यानं वाचून दाखवलं. पुन्हा टाळ्या! माझ्याच भाषणापुढे मी उघडा पडलो. (चांगलं होतं ग पण भाषण.) पाववाला म्हणाला, पोती कुठं ठेवू? एरवी सगळ्यांत आधी बोलणारी शिंपीण तोंडाला पदर लावून बसून राहिली. मी मान खाली घालून घरी आलो, आणि दातवाल्याला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, ‘काका, वाक्य मात्र तुमचं पाठ होण्यासारखंच आहे.’ आणि डाव मांडायला लागला. तेव्हा मला फार लाज वाटली. त्या संध्याकाळी मी तुला ‘येऊ नकोस’ असं पत्र लिहायला घेतलं होतं. पहिल्या ओळीच्या पुढे ते गेलं नाही, लिहवेचना.

आणि मग एका दातानं काम केलं. दवाखान्यातून साचे येतात त्यांवर नाव नसतं, नुसता नंबर. त्या आठवड्यात आलेल्या एका साच्यात पुढचा एक दात तुटलेला होता, आणि शेजारच्या दाताच्या कडेला बारीक खाच. दातवाला तो साचा घेऊन खाली आला आणि म्हणाला, या बाई शिंपीण आहेत. जन्मभर टाचण्या दातांत धरून धरून अशी खाच पडते म्हणे. आमच्या आसपास शिंपीण एकच. मी लगेच समोर गेलो तर शिंपिणीनं तोंडावर पदर धरून दार उघडलं. पंधरा दिवस ती कोणाशी बोलली नव्हती, आणि सभेत ती गप्प का होती तेही मला तेव्हा कळलं. दातवाल्यानं माझ्यामार्फत एकच प्रश्न विचारला होता, नव्या दाताला खाच ठेवू का? म्हणजे टाचणी आपल्या जागी बसेल.

ताई, त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, डॉक्टर म्हणत होते, आता टाचण्या तोंडात धरायचं विसरा. त्याशिवाय मला कापड बेतताच येत नाही. दात आला, बसला, टाचणी बरोबर खाचेत बसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपिणीच्या खिडकीतला टोपीवाला पुतळा हलला. तिनं खोली दिली. मी विचारलं, आणि सहा महिन्यांची नोटीस? तर म्हणाली, एवढ्या खाचेची काळजी करणाऱ्या माणसाला घालवायचं मनात आलंच, तर मला स्वतःलाच विचार करायला सहा महिने हवेत.

गेल्या रविवारी बिऱ्हाड हललं. पाववाल्याच्या हातगाडीवरून जबडे गल्ली ओलांडून गेले, मी मागून सांभाळत होतो, आणि सगळी गल्ली हसत दारात उभी होती. परवा पोस्टमास्तरांनीही सायकल बाहेर काढली आणि पाटी लावली. मुलाला पत्र टाकलंय म्हणाले, बदली होणार असेल तर सहा महिने आधी कळव. दातवाला संध्याकाळी डावाला येतोच, त्यामुळे तो गेला असं म्हणवत नाही. वरची खोली धुऊन पुसून ठेवली आहे. सकाळचं ऊन थेट आत येतं. मला फार आनंद झाला आहे, आणि तो तू आल्याशिवाय पुरा होणार नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. १ : खोलीत एक टोपीवाल्या बाई उभ्या आहेत, दचकू नकोस. शिंपिणीकडे जागा होईपर्यंत पुतळा आपल्याकडे आहे. त्यांना नोटीस हातात देता येत नाही आणि सही घेता येत नाही, त्यामुळे त्यांचं जरा अवघडच दिसतं.

ता. क. २ : तू भाडं दिल्याशिवाय राहणार नाहीस म्हणून भाडेकराराचा कागद सोबत जोडला आहे. भाड्याचा रकाना हिनं भरला आहे : ‘रोज सकाळी घरमालकाकडून व्यायाम करून घेणे.’ मी हरकत घेतली होती, ती फेटाळली गेली.

ता. क. ३ : आता मुख्य काम. नोटिशीच्या मुदतीचा रकाना मी भरला आहे. सहा महिन्यांपेक्षा कमी लिहिता येत नाही, जास्त किती लिहावे याला मर्यादा नाही, पोस्टमास्तरांकडून खात्री करून घेतली. मी तीस वर्षं लिहिले आहेत. म्हणजे तू मला आज जड झालीस, तरी ट्रंक उचलायला तुला एकशे एकावं वर्ष उजाडेल. तोवर तुझी ती चौथी ओळ परत लिहायची नाही. सही करून कागद धाड, आणि उद्याच तुझ्या मालकाला महिन्याची नोटीस दे. हातात दे, पोच घे. जिन्यात चिकटवू नकोस.